गोव्याची सहल हलशीहून सुरू करा

प्रति,
खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या मराठी शाळांचे मुख्याध्यापक, सहलप्रमुख शिक्षक आणि एसडीएमसीचे (शाळा विकास व देखरेख समितीचे) सदस्य यांस

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत सहलीचा विषय निघतो आणि आपल्याकडे त्याचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: गोवा. जवळ आहे, परवडतं, समुद्र आहे आणि पालक नाही म्हणत नाहीत. पहाटे अंधारात बस निघते. मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्याचं चर्च, मिरामार, संध्याकाळी मांडवीतली बोट, आणि मध्यरात्र उलटल्यावर गावात परत. मुलं झोपेतच उतरतात. मी इतिहास शिकवायचो तेव्हा सहलीनंतर वर्गात निबंध लिहून घ्यायचो. बोटीवरचा नाच सगळ्यांच्या वहीत असायचा. चर्चबद्दल एक ओळ, ‘ते फार मोठे आहे’. दोन देवळांच्या वर्णनात तर कुठलं मंगेशी आणि कुठलं शांतादुर्गा हे मलाही ओळखू यायचं नाही. यात मुलांची चूक काढण्यासारखं काही नव्हतं. एका दिवसात एवढी ठिकाणं पळत पळत दाखवली तर मोठ्यांच्या डोक्यातही तेवढंच उरेल.

माझी विनंती गोवा रद्द करा अशी नाही. गोव्यालाच न्या. फक्त सहल हलशीहून सुरू करा आणि जुन्या गोव्यात रस्त्याने न शिरता दिवाडी बेटावरून, फेरीबोटीने शिरा. दोन दिवस लागतील. का, ते सविस्तर लिहितो.

हलशी आपल्या खानापूर तालुक्यातली, नंदगडजवळची. तालुक्यातल्या किती शाळांनी ती मुद्दाम जाऊन पाहिली आहे, हे मुख्याध्यापकांनी आपापल्या मनाशी आठवावं. जुन्या लेखांत या गावाचं नाव पलाशिका आहे. पाचव्या शतकात बनवासीच्या कदंब राजांचं हे महत्त्वाचं ठाणं होतं. त्यांचे ताम्रपट इथे सापडले आणि मृगेशवर्मा राजाने वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधल्याची नोंद त्यांत आहे. पुढे कित्येक शतकांनी दुसरे कदंब आले, गोव्याचे. (मुलांना ही दोन घराणी वेगळी करून सांगा. नाव एक असल्यामुळे मोठी माणसंही गल्लत करतात.) या गोव्याच्या कदंबांची एक राजधानी खाली खाडीकाठी गोपकपट्टण, म्हणजे आजचं गोवा वेल्हा, आणि दुसरी घाटावर हलशी. खालचा मुलूख ‘कोकण नऊशे’, वरचा ‘हलसिगे बारा हजार’. म्हणजे आज ज्या चोर्ला घाटातून आपली सहलीची बस हेलकावे खात उतरते, तो टापू एकाच राज्याच्या दोन प्रांतांमधला होता. आपण मुलांना गोवा दाखवतो ते परमुलूख म्हणून. ती परमुलखातली नाहीत, त्या राज्याच्या वरच्या राजधानीच्या पंचक्रोशीतली आहेत, हे त्यांना कुणी सांगतच नाही.

हलशीच्या भूवराह-नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. मधल्या मंडपात मुलांना उभं करा आणि फक्त मान वळवायला सांगा. एकीकडे बसलेला विष्णू, दुसरीकडे भूदेवीला उचलून धरणारा पुरुषभर उंचीचा वराह. देवळात दोन देव अनेक ठिकाणी असतात, पण ते असे एकमेकांकडे बघत असलेले मुलांनी कुठे पाहिलेले नसतात, आणि प्रश्न तिथूनच सुरू होतात. वराहाची स्थापना ११८६-८७ सालची, विजयादित्य राजाच्या वेळची. त्याच्या आधी ११६९ च्या लेखात इथल्या नरसिंहाचा उल्लेख आहे, तो परमाडी राजाच्या काळातला. हे दोघे भाऊ. परमाडीचं बिरुद शिवचित्त आणि विजयादित्याचं विष्णुचित्त. एक भाऊ शिवाचा, एक विष्णूचा, आणि शिवचित्ताच्या राजवटीत नरसिंहाचं देऊळ! असल्या गोष्टी मुलांच्या लक्षात राहतात. बाहेर आल्यावर शिखराकडे बघायला सांगा. एकावर एक ठेवलेल्या पायऱ्यांसारखं चढत गेलेलं हे शिखर कदंब पद्धतीचं म्हणून ओळखलं जातं. एकदा ओळखता आलं की मूल दुसरीकडेही ते शोधायला लागतं.

याच शिवचित्ताची राणी कमलादेवी. तिने कित्तूरजवळ देगावला कमलनारायणाचं देऊळ उभं केलं, ११७४ चं. तिथलं कोरीव काम हलशीपेक्षा जास्त नाजूक आहे आणि तिप्पोज नावाच्या कारागिराचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. देगाव मात्र या सहलीत कोंबू नका, ते उलट्या दिशेला पडतं. त्यासाठी कित्तूरचा किल्ला, तिथलं संग्रहालय आणि देगाव अशी एका दिवसाची वेगळी फेरी काढता येते. ती पहिल्या सत्रात केली तर उत्तमच.

आता गोव्याकडे. कदंब राजे आपल्या लेखांत आणि सोन्याच्या नाण्यांवर स्वतःला सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाने राज्य मिळालेले म्हणवतात. हलशीत उभं राहून हे वाक्य सांगा आणि विचारा, हा सप्तकोटीश्वर कुठे होता? उत्तर हलशीत देऊ नका. ते दुसऱ्या दिवशी सापडू द्या. सप्तकोटीश्वराचं मूळ स्थान दिवाडी बेटावर होतं, मांडवीच्या पात्रात, जुन्या गोव्याच्या अगदी समोर. आपल्या सहली दरवर्षी जुन्या गोव्यात येतात आणि पलीकडच्या काठाकडे कुणी बोटही दाखवत नाही.

वाट अशी: हलशी, खानापूर, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी, डिचोली, नार्वे. कणकुंबीला दहा मिनिटं थांबा, मलप्रभेचा उगम आहे. पुढे थोड्याच अंतरावर पाणी उलट्या बाजूला, मांडवीच्या खोऱ्यात, वाहायला लागतं. म्हादईच्या, म्हणजे याच मांडवीच्या, पाण्याचा तंटा पेपरात रोज असतो. भूगोलाच्या सरांना तिथे दहा मिनिटं द्या आणि मग त्यांना थांबवा, नाहीतर ते संध्याकाळ करतील.

नार्वेचं सप्तकोटीश्वराचं देऊळ हे दुसरं घर. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी बेटावरचं देऊळ पाडलं. लिंग विहिरीच्या बांधकामात बसवलं होतं आणि भाविकांनी ते सोडवून नदीपलीकडे नार्व्याला आणलं, असं तिथे सांगतात. नार्वे तेव्हा पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर होतं. दारावर एक लहान शिलालेख आहे. अक्षरं नागरी. शके १५९०, म्हणजे १६६८ साली, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवळाचं काम सुरू झालं, असं त्यात कोरलं आहे. हा लेख मुलांना स्वतः वाचू द्या. घाई करू नका, मध्येच शब्द सांगू नका. पाचवीतलं पोरसुद्धा अक्षर अक्षर जोडत ‘शिव’पर्यंत पोचतं आणि मग जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो. महाराजांचा इतिहास आपल्या मुलांना तोंडपाठ आहे, पण त्यांच्या हुकुमाचा दगड नजरेसमोर, वाचता येईल असा, किती जणांनी पाहिलेला असतो? गोवा सरकारने या देवळाची डागडुजी करून २०२३ साली ते पुन्हा खुलं केलं, त्यामुळे आता ते नीट बघता येतं. देऊळ बाहेरून कोल्हापूर-बेळगावकडच्या देवळासारखं दिसत नाही. गोव्याच्या पद्धतीचं, कौलारू छपराचं आणि समोर दीपमाळ असलेलं आहे. यावरही बोला.

मुक्काम साखळी-डिचोलीच्या बाजूला करा. गोव्यातल्या देवस्थानांच्या अग्रशाळा, म्हणजे भाविकांना राहायच्या खोल्या, असतात. आधी बोलून ठेवलं तर शाळेच्या मुलांची सोय होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नार्व्याच्या धक्क्यावरून फेरी. बेटावर जायला पूल नाही, हेच त्या बेटाचं नशीब म्हणायचं. शाळेची बस फेरीत चढवण्याच्या फंदात पडू नका. चालकाला रस्त्याने वळसा घालून जुन्या गोव्याच्या धक्क्यावर यायला सांगा. मुलांनी पाण्यावरून आणि पायी जायचं. चालणाऱ्या माणसाला फेरीत तिकीट पडत नाही, हे एसडीएमसीच्या हिशेबनिसांसाठी मुद्दाम लिहितो.

बेटावर उतरल्यावर प्रथम कोटीतीर्थाची तळी. मूळ देऊळ या भागात होतं. पाहायला फार काही नाही. पडकं, शेवाळलेलं, आजूबाजूला झाडी. ‘सर, इथे काहीच नाही’ असं कुणीतरी म्हणेलच. तेव्हा हलशीतला कालचा प्रश्न काढा. ज्या देवाचं नाव राजाने नाण्यावर घातलं, त्याची जागा ही. हलशीचं देऊळ उभं राहिलं, हे राहिलं नाही, आणि देव मात्र नदी ओलांडून गेला. या तीन गोष्टी मुलांनी दोन दिवसांत आपल्या पायांनी जोडलेल्या असतात. मग पुस्तकातला धडा वाचून दाखवायची गरज उरत नाही.

पुढे चालत जायचं ते शेतांमधून, आणि माझ्या मते सहलीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच. आपली खानापूरची मुलं भाताच्या खाचरात वाढलेली. चिखल, रोप, लावणी त्यांना कुणी शिकवायला नको. दिवाडीच्या खाजन जमिनीत ती पाऊल टाकतात आणि बुचकळ्यात पडतात, कारण दोन्ही बाजूंना भरती-ओहोटीचं खारं पाणी आणि मध्ये भात! कसं? मातीचे बांध घालून खाडीचं पाणी अडवलेलं असतं आणि बांधात ठिकठिकाणी लाकडी दारं असतात. त्यांना तिकडे मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या रेट्याने दार आपोआप मिटतं आणि खारं पाणी बाहेरच राहतं. ओहोटी लागली की आतलं जादा पाणी दार ढकलून निघून जातं. पहारेकरी नको, वीज नको. पावसाळ्यात जमिनीतला खारटपणा पावसाने धुपून जातो आणि त्यात कोरगुटसारखं खारपण सोसणारं भात येतं. पीक निघालं की त्याच आवारात मासे. ही व्यवस्था पोर्तुगीजांच्याही आधीची, गावकीने चालवलेली. विज्ञानाच्या बाईंना हे दार दाखवा, त्या तिथेच अर्धा तास शिकवतील. वस्तुसंग्रहालय म्हटलं की आपल्यासमोर काचेची कपाटं येतात. हे दार बिनकाचेचं आहे आणि अजून कामावर आहे. काही ठिकाणी बांध फुटून खारफुटी शिरलेली दिसेल. तेही दाखवा. आपल्याकडेही गावकीचं तळं, गावकीची पाट-व्यवस्था का मोडली, हा प्रश्न मुलांच्या तोंडून आपणहून येतो.

पिएदाद गावात टेकडीवर चर्च आहे. शेजारच्या दफनभूमीतल्या छोट्या चॅपेलमध्ये जुन्या, कदंबकाळच्या देवळाचे भाग जाणकारांना दिसतात. कोरीव दगड नीट पाहिला की हलशीची ओळख पटते. इथे दोन गोष्टी सांभाळा. ती लोकांच्या पूर्वजांची दफनभूमी आहे, सहलीचा गोंधळ तिथे चालणार नाही. लहान गट करून, आवाज खाली ठेवून, परवानगी विचारून आत जा. आणि ‘बघा, यांनी आपलं देऊळ पाडलं’ असं भाषण शिक्षकाने तिथे ठोकू नये. पाडलं, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण ते पाडणारे आणि आज टेकडीखाली राहणारी, आपल्या मुलांना पाणी विचारणारी माणसं वेगळी आहेत. या बेटाची माणसं इथेच होती, त्यांनी खाजनं सांभाळली, त्यांचेच वंशज आज चर्चलाही जातात आणि नार्व्याकडच्या देवालाही काही जण मानतात. हे मुलांना समजतं. मोठ्यांना समजायला वेळ लागतो.

मग दुसरी फेरी, जुन्या गोव्याकडे. हीच बाजू मी का धरून बसलोय ते इथे कळेल. फेरी लागते त्या धक्क्यावरून वर चढलं की समोर व्हाइसरॉयची कमान. सोळाव्या शतकाच्या अखेरीस वास्को द गामाच्या पणतूने ती बांधली आणि वर वास्को द गामाचा पुतळा नदीकडे तोंड करून बसवला. पोर्तुगालहून नेमणूक झालेला नवा व्हाइसरॉय नदीतून येऊन याच कमानीखालून शहरात शिरायचा. बसने येणारी सहल वाहनतळाकडून, म्हणजे शहराच्या पाठीमागून शिरते आणि कमान बहुतेकांना दिसतही नाही. नदीकडून आलेल्या मुलांना शहर ज्या बाजूने पाहायचं म्हणून बांधलं, त्याच बाजूने दिसतं.

जुन्या गोव्यात सगळं दाखवण्याचा हट्ट सोडा. बाँ जेझूची बॅसिलिका आणि पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय, एवढं पुरे. संग्रहालय असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या मठात आहे, १९६४ साली सुरू झालेलं. शुक्रवारी बंद असतं, हे विसरू नका, म्हणजे गुरुवारी निघू नका. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. वर पोर्तुगीज व्हाइसरॉयांची तैलचित्रं रांगेने लावली आहेत. मुलं ती भरभर ओलांडतात, ओलांडू द्या. खाली कदंबकाळची शिल्पं आणि वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांचे स्मृतिदगड, आहेत, तिथे थांबा. गोव्याच्या कदंबांचं आरमार होतं आणि गोव्यातल्या काही वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई कोरली आहे. आपल्या गावच्या वेशीवरच्या वीरगळावर गाईगुरं सोडवताना मेलेला वीर असतो. इथे नावेत लढून मेलेला. दोन्ही एकाच काळचे, कधी कधी एकाच राजाच्या राज्यातले. प्रत्येक मुलाला एकच दगड निवडून त्याचं चित्र काढायला सांगा. मोबाईल पिशवीत.

आता आक्षेप. मला ते तोंडपाठ आहेत.

‘कदंब तर कानडी राजे, त्यांच्यासाठी मराठी शाळेने कशाला खपायचं?’ हा आक्षेप खाजगीत येतो, बैठकीत कुणी बोलत नाही. सीमाभागात राहून मलाही भाषेचा प्रश्न कळतो, माझी उमर त्यात गेली. पण हलशीचा दगड खानापूरच्या मातीत उभा आहे आणि त्या मातीवर आपण राहतो. कदंबांचे लेख संस्कृतात आणि कन्नडात आहेत, हे सरळ सांगा. उलट आपल्या मुलांना एक सोय आहे जी पुण्या-मुंबईच्या मुलांना नाही. शाळेत मराठीबरोबर कन्नड शिकल्यामुळे ती दोन्ही लिप्या वाचतात आणि दिवाडीवरची कोंकणी त्यांना अर्धीअधिक समजते. हलशीच्या लेखातलं जुनं कन्नड वाचता येणार नाही, पण एखाददुसरं अक्षर ओळखलं तरी काय बिघडलं? ज्या मुलाने हलशीचा लेख आणि नार्व्याचा लेख दोन्हींसमोर उभं राहून डोळे किलकिले केले, त्याला आपल्या भागाचा इतिहास कुणी एका बाजूने शिकवू शकणार नाही, ना त्यांच्या बाजूने, ना आपल्या.

‘मुलांना समुद्र हवा.’ हवाच. दुपारनंतर मिरामार आहे की. परतीला अनमोड घाटाने या, वाट बदलते.

‘दोन दिवसांचा खर्च.’ मांडवीतल्या बोटीचं तिकीट आणि हॉटेलातलं जेवण काढून टाका, हिशेब बराचसा जुळतो. पहिल्या दिवसाची भाकरी आणि शेंगाचटणी घरची. तरीही ज्यांना जमणार नाही त्या मुलांचा भार एसडीएमसीने गुपचूप उचलावा, वर्गात नावं पुकारून नव्हे.

‘पाणी, जबाबदारी, काही झालं तर?’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. फेरीत मुलांना कठड्याला टेकू द्यायचं नाही. दोन खेपा करायच्या, एका खेपेत मावतात म्हणून सगळी चढवायची नाहीत. दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस. मुलींसोबत बाई असायलाच हव्यात. बेटावर स्वच्छतागृहाची सोय आधी फोन करून विचारून ठेवायची. हे नियम गोव्याच्या नेहमीच्या सहलीतही पाळायचे असतात. तिथे ते पाळले जातात का, हा वेगळा विषय.

‘बीईओ (गटशिक्षणाधिकारी) साहेब परवानगी देणार नाहीत.’ अर्जात ‘मनोरंजन व प्रेक्षणीय स्थळे’ असं लिहिण्याऐवजी इतिहास, भूगोल आणि विज्ञानाचा कुठला धडा कुठे शिकवणार ते लिहून द्या. परराज्याची परवानगी म्हणून अर्ज जरा लवकर, ऑक्टोबरातच करा. डिसेंबर-जानेवारीचे शनिवार-रविवार टाळता आले तर बरं, नाताळच्या आसपास जुन्या गोव्यात पाय ठेवायला जागा नसते.

एक शेवटची सूचना, सहल झाल्यानंतरची. मुलं अशा ठिकाणांहून आली की आपल्या शिवारातले दगड बघायला लागतात. कुठे वीरगळ निघेल, कुठे फुटकी मूर्ती. उत्साहात शाळेत उचलून आणू नका आणि शेंदूर तर मुळीच फासू नका. जिथे आहे तिथेच फोटो काढा, माप घ्या, पंचायतीला आणि पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा. शाळेच्या व्हरांड्यात एका भिंतीवर तालुक्याचा नकाशा लावून त्यावर ही ठिकाणं मुलांकडून मांडून घ्या. त्या नकाशाची पश्चिमेकडची कड मांडवीपर्यंत, दिवाडीपर्यंत न्या.

ज्या शाळांना पहिल्यांदा जायला संकोच वाटतो, त्यांनी आधी दोन शिक्षकांना एका रविवारी मोटरसायकलवरून ही वाट फिरून यायला पाठवावं. धक्के, वेळा, सावली, पाणी, सगळं त्यांना कळेल. हलशीच्या देवळात सकाळी लवकर या, ऊन चढायच्या आत आणि मंडपात बसायला जागा असताना.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
खानापूर तालुका